पाच हजार वॅटचे गौडबंगाल

गेल्या वर्षीची गोष्ट. जवळच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मला पारितोषिके देण्यासाठी बोलावले होते. मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने नवा ध्वनिसंच दाखवला. पालकांकडून दोन वर्षे जमवलेल्या वर्गणीतून तो घेतला होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी भागावर सोनेरी कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, '५००० वॅट'. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे एकूण चार काळे स्पीकर मांडले होते. प्रत्येकाच्या पाठीवर '२५० वॅट, ८ ओहम' असा शिक्का होता.

कार्यक्रम सुरू झाला. आठवीतील एक मुलगी वक्तृत्वासाठी उभी राहिली. मागच्या रांगांतून 'आवाज, आवाज!' असा गलका झाला, तेव्हा संच सांभाळणाऱ्या मुलाने बटण आणखी फिरवले. दोन-तीन मिनिटे आवाज फाटल्यासारखा येत राहिला, मग करकर झाली, भाजल्याचा वास सुटला आणि सारे चिडीचूप झाले. मुलगी माईकसमोर तशीच उभी. शेवटी शाळेच्या शिपाईमामांनी अडगळीच्या खोलीतून जुना ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन पत्र्याचे कर्णे आणले व बांबूंना बांधले. वीस मिनिटांत कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि फाटकाबाहेर बोरे विकणाऱ्या बाईंनाही शब्दन् शब्द ऐकू जाऊ लागला. त्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून भाषण करायला सांगितले. तिने ते केलेही, पण आधीचा जोर काही परत आला नाही.

निघताना नववीतील एका मुलाने मला गाठले. म्हणाला, "सर, पाच हजार वॅटला जे जमले नाही, ते तीस वॅटला कसे जमले?"

प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकात आहे, पण विखुरलेले आहे. ते एकत्र करावे आणि त्याचबरोबर या वॅटच्या आकड्यांविषयी माझे जे मत झाले आहे तेही स्पष्ट सांगावे, म्हणून हा लेख.

वॅट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते सांगणारे हे एकक. दर सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. जेम्स वॅट यांचे नाव या एककाला द्यावे अशी सूचना विल्यम सीमेन्स यांनी १८८२ साली केली. वॅट यांनी आपली वाफेची यंत्रे विकताना त्यांची तुलना घोड्यांच्या कामाशी केली आणि त्यातून 'अश्वशक्ती' हे माप आले. आजच्या हिशेबाने एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. गंमत अशी की, सामान्य घोडा दिवसभर एवढ्या दराने काम करूच शकत नाही. म्हणजे वॅट यांनी घोड्याचे माप मुद्दाम असो वा नसो, पण सढळ धरले होते. साहजिकच दहा अश्वशक्तीचे यंत्र घेणाऱ्याला दहा घोड्यांपेक्षा थोडे जास्तच काम मिळे, कमी नव्हे. आज त्याच वॅट यांचे नाव घेऊन जे आकडे खोक्यांवर छापले जातात ते नेमके उलट्या दिशेने सढळ असतात.

आता त्या ५००० वॅटची परीक्षा घेऊ. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. आपल्या घरी विद्युतदाब २३० व्होल्ट असतो. शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले विद्युतप्रवाह. ५००० ला २३० ने भागा. उत्तर येते सुमारे २२ अँपियर. भिंतीवरचा नेहमीचा लहान सॉकेट ६ अँपियरचा असतो. गीझर किंवा वातानुकूलन यंत्र ज्याला जोडतात तो मोठा सॉकेट १६ अँपियरचा. म्हणजे ५००० वॅट सतत देणारे यंत्र गीझरच्या सॉकेटवरही चालणार नाही! त्या शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर साध्या लहान पिनेचा होता आणि त्याच्या पाठीमागे फ्यूजजवळ '२ अँपियर' असे लिहिले होते. २३० गुणिले २ म्हणजे ४६० वॅट. यापेक्षा जास्त शक्ती ते यंत्र भिंतीतून फार वेळ ओढू शकत नाही, ओढली तर फ्यूज वितळतो. आणि जी शक्ती आत जातच नाही ती बाहेर कोठून येणार? ऊर्जा निर्माण करता येत नाही, हा नियम दुकानदारालाही लागू आहे.

मग ५००० हा आकडा आला कोठून? अशा आकड्यापुढे बहुधा बारीक अक्षरांत 'पी.एम.पी.ओ.' असे लिहिलेले असते. पूर्ण रूप 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत धारित्र म्हणजे कपॅसिटर असतात आणि त्यांत थोडी ऊर्जा साठलेली असते. ती सेकंदाच्या अगदी लहान भागात एकदम सोडली, तर त्या क्षणापुरती शक्ती मोठी दिसते, हे खरे. एक ज्यूल ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागात खर्च केली तर तेवढ्या काळापुरते हजार वॅट झाले! पण हा क्षण किती लहान धरायचा, आवाज किती फाटलेला चालायचा, याविषयी पी.एम.पी.ओ.ची सर्वमान्य अशी कोणतीही कसोटीच नाही. एकाने १०० ला दहाने गुणावे, दुसऱ्याने पन्नासने. ज्या मापाला मोजण्याची ठरलेली रीत नाही त्याला माप म्हणू नये, असे माझे मत आहे. मग आकड्याशेजारी एकक कितीही शास्त्रीय लिहिलेले असो.

याउलट 'आर.एम.एस. वॅट' असे लिहिलेले दिसले तर त्यात काहीतरी अर्थ असण्याची शक्यता असते. येथे माझ्यातला शिक्षक मध्येच तोंड घालतो. खरे पाहता 'आर.एम.एस. शक्ती' असे काही नसते. वर-खाली होणाऱ्या विद्युतदाबाचे वर्गमध्यमूळ काढतात, त्याचा वर्ग करून रोधाने भागतात आणि मिळते ती सरासरी शक्ती. पण नाव चुकीचे पडले तरी त्यामागची कल्पना सरळ आहे. यंत्र सतत, आवाज न फाडता, किती शक्ती देते ते तिच्यातून कळते.

तो अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन आल्यावर मी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेला. स्पीकरऐवजी जाड तारेचा रोध जोडला, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट पाहिली आणि लाटेचे शेंडे कापले जाण्याच्या अगदी आधी किती विद्युतदाब मिळतो ते मोजले. तो भरला २० व्होल्ट. आता शक्ती म्हणजे विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध, हे सूत्र वापरा. २० चा वर्ग ४००. ८ ओहमचा स्पीकर असेल तर ४०० भागिले ८ म्हणजे ५० वॅट. ४ ओहमला १०० वॅट. सोनेरी कागदावरच्या पाच हजारांचे असे खरे शंभर झाले.

पण याच सूत्रात त्या दिवशीच्या अपघाताचे कारणही दडलेले आहे. नीट पाहा. स्पीकरचे ओहम कमी झाले की अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणारी शक्ती वाढते. मग २ ओहमला २०० वॅट मिळतील का? कागदावर मिळतात. पण २० व्होल्टला २ ओहम जोडले तर प्रवाह होतो १० अँपियर. आतील ट्रान्झिस्टरांना तेवढा प्रवाह पेलवत नाही आणि ते तापतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर तारा जोडायच्या जागी बारीक अक्षरांत 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले होते. आणि संच मांडणाऱ्याने काय केले होते? ८ ओहमचे चारही स्पीकर समांतर जोडले होते. समान रोध समांतर जोडले की एकूण रोध संख्येच्या पटीत कमी होतो, हे तुम्ही वहीत कितीतरी वेळा सोडवले आहे. ८ भागिले ४ म्हणजे २ ओहम. सोनेरी कागद सर्वांनी वाचला, बारीक अक्षरे कोणीच वाचली नाहीत. चार स्पीकर वापरायचेच होते, तर दोन-दोन स्पीकर एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर लावायच्या. मग ८ अधिक ८ म्हणजे १६, आणि १६ चे दोन समांतर म्हणजे पुन्हा ८ ओहम. अ‍ॅम्प्लिफायर आरामात चालला असता. शक्ती मिळाली असती ५० वॅट, पण ती मिळत राहिली असती.

येथे एक खुलासा करायला हवा. स्पीकरवर जे '८ ओहम' लिहिलेले असते तो साधा रोध नव्हे, तो संरोध असतो. आवाजाच्या वारंवारतेप्रमाणे तो बदलत राहतो, काही वारंवारतांना बराच वाढतो. तुमच्या शाळेतील मल्टिमीटर ८ ओहमच्या सुट्या स्पीकरला लावून पाहा, बहुधा ६ ओहमच्या आसपास वाचन मिळेल. कारण मल्टिमीटर एकदिश प्रवाह सोडतो आणि फक्त आतील तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजतो. स्पीकर खराब आहे असे समजू नका.

आता स्पीकरच्या वॅटकडे वळू. येथे गैरसमज आणखी मोठा आहे. पुलाच्या तोंडाशी 'कमाल भार १० टन' असा फलक असतो. त्याचा अर्थ पूल आपल्याला दहा टन देतो असा नाही. तो दहा टन सोसतो, एवढाच. स्पीकरवरचे '२५० वॅट' हा असा पुलावरचा फलक आहे. एवढी शक्ती दिली तरी तो जळणार नाही, असे बनवणारा सांगतो. तो किती मोठा आवाज करील याविषयी तो अवाक्षरही सांगत नाही.

मग आवाज किती होईल हे कशावरून कळते? त्यासाठी स्पीकरच्या माहितीपत्रात आणखी एक आकडा असतो, संवेदनशीलतेचा. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली आणि समोर १ मीटरवर आवाज मोजला तर तो किती डेसिबेल भरतो, हे तो आकडा सांगतो. घरगुती किंवा लहान सभागृहातल्या खोक्याच्या स्पीकरला तो साधारण ८५ ते ९५ असतो. पत्र्याच्या कर्ण्याला १०५ किंवा त्याहूनही जास्त. हा आकडा सोनेरी कागदावर छापलेला मी अजून पाहिलेला नाही.

डेसिबेलचे गणित थोडे वेगळे असते. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबेलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. शक्ती दसपट केली तर १० डेसिबेलने वाढतो आणि तेव्हा कोठे कान म्हणतो की आवाज साधारण दुप्पट झाला. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर टाकून १०० वॅटचा आणला, तर पैसे बरेच जास्त जातील आणि शेवटच्या रांगेतील मुलगा मात्र 'आवाज, आवाज!' असेच ओरडत राहील.

आता हिशेब करा. १०५ डेसिबेल संवेदनशीलतेच्या कर्ण्याला १० वॅट दिले की एक मीटरवर १०५ अधिक १० म्हणजे ११५ डेसिबेल. तेवढाच आवाज ९० डेसिबेलच्या खोक्याकडून हवा असेल तर २५ डेसिबेल जास्त लागतील. त्यासाठी शक्ती हवी ३०० वॅटहून अधिक! एका कर्ण्याचे १० वॅट आणि खोक्याचे ३०० वॅट समोरच्या माणसाच्या कानाला सारखेच. नववीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे मुख्य उत्तर हे. शिवाय कर्ण्याचा आवाज एका दिशेने जातो, खोक्याचा बराचसा आजूबाजूला पसरतो. मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. १ मीटरवरचे ११५ डेसिबेल ३२ मीटरवर ८५ उरतात. बोललेले शब्द समजायला एवढे पुष्कळ झाले.

कर्ण्याला हे जमते कारण त्याचा हळूहळू रुंद होत जाणारा आकार पडद्याच्या छोट्या हालचालीची आणि बाहेरच्या मोकळ्या हवेची सांगड घालून देतो. खोक्यातील स्पीकरचा कागदी पडदा हवेला ढकलतो खरा, पण हवा इतकी हलकी की बहुतेक जोर वाया जातो. ९० डेसिबेलच्या खोक्यात विजेच्या १०० वॅटपैकी एखादा वॅटही ध्वनी होऊन बाहेर पडत नाही. उरलेली सगळी शक्ती वेटोळ्यात उष्णता होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि तिने बोट भाजते, हे लक्षात घेतले की स्पीकर का जळतात याचे नवल वाटत नाही. बोलपटाच्या आरंभीच्या काळात मोठमोठी चित्रपटगृहे काही थोड्या वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालत, ती अशाच प्रचंड कर्ण्यांच्या जोरावर. तेव्हा वॅट महाग होते, म्हणून लोक ते जपून वापरत.

कर्ण्याची बाजू मी घेतो आहे, पण त्याचे दोषही सांगायला हवेत. खालचे सूर त्याला झेपत नाहीत. त्यातून डग्ग्याचा घुमार ऐकू येत नाही आणि गाणे चिरके वाटते. भाषण, सूचना, कवायतीचे आदेश यांसाठी कर्णा उत्तम. गाण्यासाठी, नाटकासाठी खोक्याचा स्पीकर हवा. त्या शाळेने बंद सभागृहासाठी खोके घेतले असते तर मी त्यांचे अभिनंदन केले असते.

त्या दिवशी आणखी एक नुकसान झाले होते, ते नंतर लक्षात आले. चारपैकी दोन स्पीकरांमधील लहान, उंच सूर काढणारे भाग, ज्यांना ट्वीटर म्हणतात, ते कायमचे मुके झाले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, स्पीकर अडीचशे वॅटचा आणि तुम्ही म्हणता अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम शंभरचा. मग जळला कसा?"

बटण फिरवत नेले आणि अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा आली की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. गोल डोंगराचे पठार होते म्हणा ना. तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. शिवाय त्या तीक्ष्ण कोपऱ्यांतून मूळ आवाजात नसलेले उंच सूर निर्माण होतात. स्पीकरमधील विभाजक जाळे उंच सूर इमानदारीने ट्वीटरकडे पाठवते. २५० वॅटच्या खोक्यातील ट्वीटर स्वतः मात्र दहा-वीस वॅटच सोसणारा असतो, कारण नेहमीच्या बोलण्यात वा गाण्यात उंच सुरांचा वाटा थोडाच असतो. तो मर्यादेपलीकडे गेला आणि त्याचे केसासारखे वेटोळे वितळले. लहान अ‍ॅम्प्लिफायरनेही मोठा स्पीकर जळतो, तो असा. आवाज फाटू लागणे ही धोक्याची घंटा असते. तेव्हा बटण पुढे नव्हे, मागे फिरवायचे.

म्हणूनच काही जाणकार सांगतात की अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या दीडपट-दुप्पट वॅटचा घ्यावा. बोलण्यात व संगीतात क्षणिक उसळ्या सरासरीच्या दसपट आणि त्याहून मोठ्या असतात. सरासरी ५ वॅट चालू असतील तरी टाळीच्या किंवा तबल्याच्या थापेच्या क्षणी ५० लागतात. मोठा अ‍ॅम्प्लिफायर त्या उसळ्या न कापता सोडतो. हे सर्व खरे आहे. पण शाळेत बटणापाशी दरवेळी वेगळा मुलगा बसतो आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या हाती दिला तर तो स्पीकर सरळ भाजूनही काढू शकतो. माझे मत असे की शाळेने दोन्हींचे सतत चालणारे, म्हणजे आर.एम.एस., वॅट साधारण सारखे ठेवावेत, ओहम जुळवून घ्यावेत आणि उरलेले पैसे जास्त संवेदनशील स्पीकरवर आणि त्याला उंच टांगण्यावर खर्च करावेत. श्रोत्यांच्या डोक्यांवरून आवाज गेला की पहिल्या रांगेचे कान किटत नाहीत आणि शेवटच्या रांगेला ऐकू येते.

दुरुस्तीनंतर मुख्याध्यापकांना दोन स्पीकर मैदानाच्या टोकाला, अ‍ॅम्प्लिफायरपासून ६० मीटरवर हवे होते. मी मुलांना हिशेब करायला सांगितला. ६० मीटर जायचे आणि ६० यायचे, म्हणजे १२० मीटर तांब्याची तार. तिची जाडी ०.७५ चौरस मिलिमीटर. रोध येतो सुमारे २.७ ओहम. दोन समांतर स्पीकरांचा रोध ४ ओहम. एकूण ६.७. आता २० व्होल्टला एकूण शक्ती निघते ६० वॅट आणि तीतली स्पीकरपर्यंत पोचते सुमारे ३५. उरलेली तार गरम करण्यात जाते. जुन्या तीस वॅटच्या यंत्राला मात्र ही अडचण नव्हती. त्याच्या पाठीवर '१०० व्होल्ट लाइन' असे जोडणीचे ठिकाण होते. त्यात आवाजाचा विद्युतदाब आधी १०० व्होल्टपर्यंत चढवतात आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान रोहित्र लावून तो उतरवतात. प्रत्येकी १५ वॅटचे दोन कर्णे या तारेला मिळून ३३३ ओहमसारखे वाटतात. त्यापुढे २.७ ओहम म्हणजे काहीच नाही, शंभरात एक वॅटसुद्धा वाया जात नाही. कोयनेची वीज दूरवर नेताना विद्युतदाब चढवतात तो याच कारणाने. दोन्हीकडे सूत्र एकच. मात्र चालू असलेल्या १०० व्होल्ट लाइनच्या उघड्या तारांना हात लावू नका. झटका बसतो.

येथे आम्हा शिक्षकांचा दोष कबूल करतो. शक्तीची उदाहरणे घालताना आम्ही वर्षानुवर्षे बल्ब, इस्त्री आणि शेगडी यांपलीकडे जात नाही. '१०० वॅटचा बल्ब ५ तास' हे गणित मुले झोपेतही सोडवतात, आणि त्याच मुलांच्या वर्गणीतून ५००० वॅटचा कागद विकत घेतला जातो. वर्गातील कपाटावर अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलेला असतो. त्याच्या पाठीवर किमान चार गणिते छापलेली असतात, पण त्याला उलटा करून कोणी पाहत नाही.

पण सारा भार विद्यार्थ्यांच्या आणि ग्राहकांच्या शहाणपणावर टाकणेही बरोबर नाही. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत अशाच फुगवलेल्या वॅटचा सुळसुळाट झाला होता. तेव्हा तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती अ‍ॅम्प्लिफायरांसाठी नियमच केला. शक्तीचा आकडा छापायचा तर तो किती ओहमला, कोणत्या वारंवारतांच्या पट्ट्यात आणि आवाज किती टक्के बिघडला असताना मिळतो, हे सांगितलेच पाहिजे. २०२४ साली त्यांनी हा नियम आणखी कडक केला. आता ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि बिघाड १ टक्क्याहून कमी, अशी एकच कसोटी सर्वांना दिली आहे. आपल्याकडे फ्रिजच्या दारावरचे तारांकित लेबल तुम्ही पाहिले असेल. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने ते २००६ साली सुरू केले आणि आज वर्षाला किती युनिटे लागतील हे लेबल वाचूनच लोक फ्रिज घेतात. मग स्पीकरच्या खोक्यावर 'अमुक ओहमला सतत इतके वॅट, १ वॅटला १ मीटरवर इतके डेसिबेल' एवढी एक ओळ छापायला कोणाची हरकत असावी? ज्याची असेल, त्याच्या मालाविषयी शंका घ्यायला जागा आहे.

कोणी म्हणेल, चार-दोन वॅट इकडचे तिकडे झाले तर एवढे काय बिघडते? पैसे बुडतात, हे एक. दुसरे असे की, आकडा जेवढा मोठा तेवढा माल चांगला, ही समजूत कानांच्या मुळावर येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतील स्पीकरांची भिंत तिच्या कितीतरी पुढे असते. डेसिबेलमधील दर १० च्या वाढीला दसपट शक्ती, हे ज्याला समजले त्याला ५५ आणि १०५ यांतला फरक दुप्पट नसून एक लाख पट आहे हेही समजेल. ही भिंत उभी करणारी मुले काही वाईट नसतात. त्यांनाही आम्ही बल्बचीच गणिते शिकवली होती.

त्या शाळेच्या नववीच्या मुलांनी नंतर एक जाड कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'खरी शक्ती: ८ ओहमला ५० वॅट, ४ ओहमला १०० वॅट. ४ ओहमपेक्षा कमी जोडू नये. आवाज फाटला तर बटण मागे.' तो कागद त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर चिकटवला. दर्शनी भागावरचा सोनेरी कागदही काढून टाकायचा त्यांचा विचार होता, पण मुख्याध्यापकांनी थांबवले. वॉरंटीच्या पावतीवर तोच आकडा आहे, म्हणाले. वर्ष संपेपर्यंत राहू द्या. तेव्हा सध्या त्या यंत्राच्या पोटावर पाच हजार वॅट आहेत आणि पाठीवर शंभर.